फडफडीत बांगडे आणि माझा पहिला कंप्युटर

आमच्या घरात हळू बोलायला कुणालाच येत नाही.

यात आमचा काही दोष नाही. आमची पिठाची गिरण आहे, आणि ती घराशेजारी नसून घरातच आहे. पडवीच्या एका टोकाला गिरण आणि दुसऱ्या टोकाला आम्ही. सकाळी आठला बाबा पट्टा चढवायचे. तिथून पुढे दुपारपर्यंत 'चहा झाला का' हे वाक्यसुद्धा आमच्याकडे पोलीस बोलवावेत अशा आवाजात म्हटलं जायचं. बरं, गिरण बंद झाली की आवाज खाली यावा, तर तसंही नाही. आईनं माझ्या कानात सांगितलेली गुपितं मला दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या बायकांनी जास्त तपशिलात सांगितलेली आहेत. एकदा मुंबईच्या आत्तेचे यजमान आमच्याकडे आले होते. दोन दिवस आमचं बोलणं ऐकून त्यांनी आत्तेला बाजूला घेतलं आणि काळजीनं विचारलं, "यांचं जमिनीवरून चाललंय का गं?" आम्ही लोणच्यात मोहरी किती घालायची ते ठरवत होतो!

अशा घरात मी वाढले आणि दहावीच्या सुट्टीत मला कंप्युटर हवासा वाटू लागला.

कंप्युटर मी पाहिलेला होता. आमच्या शाळेत एक होता. त्याला झालरवालं कव्हर होतं, खोलीबाहेर चपला काढायच्या, आत गेल्यावर शिंकायचं नाही. सगळ्यांना न्याय मिळावा म्हणून सरांनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक बटण नेमून दिलं होतं. माझ्या वाट्याला ते खालचं सगळ्यात लांब बटण आलं, स्पेसबार. मैत्रिणी जळायच्या. पण त्या बटणानं होतं काय, तर दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा सुटते. वर्षभर मी मोकळी जागा सोडली! बाकीची बटणं कशी लागतात हे बघायची मला इतकी हौस होती, की परीक्षा संपल्या दिवशीच मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, माका कंप्युटर होयो!"

"काय?" (गिरण चालू होती.)

"कंप्युटर!"

"कोयतो? मागल्यादारी आसा, घे."

गिरण बंद होईपर्यंत मी थांबले. मग सगळं नीट सांगितलं. कणकवलीत एका दुकानात जुना कंप्युटर आठ हजारांत मिळतोय, मैत्रिणीचा भाऊ बघून आलाय, दुकानदार मे महिनाअखेरपर्यंत ठेवायला तयार आहे. बाबांनी अंगावरचं पीठ झटकलं. पीठ झटकायला ते जितका वेळ घेत तितका त्यांचा विचार खोल असे.

"बरा," ते म्हणाले. "अर्धे तू जमव. अर्धे मी घालतंय."

मी आनंदानं ओरडले. (म्हणजे नेहमीच्या आवाजात बोलले.) पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की चार हजार माझ्याच्यानं जमणार नाहीत याची त्यांना पुरेपूर खात्री होती. गिरणीचा पट्टा बदलायला झाला होता आणि ते पैसे त्यांनी मनातल्या मनात पट्ट्याला दिलेले होते.

आता मला येत काय होतं? ओरडता येत होतं. आणि गंमत म्हणजे त्यालाच गिऱ्हाईक मिळालं. आमच्या ग्रामपंचायतीच्या घोषणा रिक्षात बसून करणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला आणि दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येणार नाही हे तर गावाला सांगायचंच होतं. सरपंच तेव्हा तांदूळ दळायला आमच्याकडे आलेले. मी पडवीतून रस्त्यापलीकडच्या काकूंना 'तुमचा डबा झाला, न्या' असं कळवत होते. गिरण पूर्ण जोरात चालू असताना त्या काकूंनी मागे वळून 'येतंय' म्हणून हात केला. सरपंच माझ्याकडे बघतच राहिले.

"ह्या चेडवाक माईक तरी कित्याक होयो?" त्यांनी बाबांना विचारलं.

तिथून माझा धंदा सुरू झाला. पाणी बंद, क्रिकेटचे सामने, हरवलेला रेडा, डोळे तपासणीचं शिबिर, सगळं मी ओरडले. एका घोषणेचे दोनशे रुपये. शिबिराच्या वेळी घाईत 'शस्त्रक्रिया' हा शब्द राहून गेला आणि 'मोतीबिंदू मोफत मिळेल' असं मी चार वाड्यांना सांगून आले. तरी माणसं आली! मेच्या मध्यापर्यंत, पाव्हण्यांनी हातावर ठेवलेले खाऊचे पैसे धरून, माझ्याकडे साडेतीन हजार जमले. बाबा हल्ली गिरणीच्या पट्ट्याकडे बघून उसासे टाकू लागले होते.

उरले पाचशे. आणि ते द्यायला अवतरले बाबलमामा.

बाबलमामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. त्याचा तीनचाकी टेम्पो होता. पहाटे विजयदुर्गच्या बंदरावर मासे घ्यायचे आणि खारेपाटणच्या बाजूला गावोगाव विकत जायचं, हा त्याचा नेम. माणूस अतिशय गोड. पण आवाज असा, की सायकलच्या चाकातून हवा जातेय असं वाटावं. त्यामुळे तो दारावरून गेला हे लोकांना बहुतेक वेळा नुसत्या वासावरून कळायचं. त्यानं टेम्पोवर नवीन कर्णा बसवला होता. फोनमधलं कार्ड घातलं की आवाज वाजतो, संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होतो.

"वैशू," तो मला म्हणाला, "माका एक झकास बोलान दी. पाचशे देतंय. शुक्रवारी सकाळी येतंय तेव्हा रोख."

मला कंप्युटर दिसू लागला.

गुरुवारी रेकॉर्डिंग केलं. गुरुवारी आमच्याकडे मासे खात नाहीत, त्यामुळे मामा मोकळा होता, आणि भर दुपारी लाईट गेल्यामुळे गिरणही बंद होती. अशी शांतता आमच्या घरात वर्षातून चार-पाच वेळा मिळते. बाबांचा फोन मी तांदळाच्या पिंपावर ठेवला, बटण दाबलं आणि श्वास भरून सुरुवात केली:

"माता-भगिनींनो! आपल्या दारी आले आहेत ताजे, फडफडीत, चमचमीत बांगडे! पेडवे! सुरमई! विजयदुर्गच्या बंदरातून थेट आपल्या पातेल्यात! विचार करू नका, टोप घेऊन बाहेर या!"

एका दमात झालं. फोन तिथेच ठेवून मी पाणी प्यायला वळले. आई आत भाजी चिरत होती, बाबा पडवीत आडवे झाले होते, थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं. परत येऊन बघते, तर रेकॉर्डिंग अजून चालूच! मी झटकन बंद केलं. शेवटी थोडी मोकळी जागा राहिली असेल, असं मला वाटलं. (स्पेसबारवर वर्षभर काम केलेल्या माणसाला मोकळ्या जागेचं काही वाटत नाही.) संध्याकाळी मामा आला, कार्ड घालून त्यानं 'थेट आपल्या पातेल्यात'पर्यंत ऐकलं, त्याचे डोळे भरून आले, आणि 'बस झाला, उगीच ब्याटरी जायत' म्हणून त्यानं बंद केलं.

शुक्रवारी सकाळी गिरणीवर गर्दी होती. मे महिना, घरोघर मुंबईकर, सगळ्यांना वड्याचं पीठ हवं. आई डबे लावत होती, मी वजन करत होते. समुद्राच्या बाजूच्या गावातून सुमनकाकी डोक्यावर डबा घेऊन आली, आणि डबा उतरवायच्या आधीच आईला म्हणाली,

"काय गो, तिरफळां किती घातलंस?"

"कशात?"

"कढयेत!"

आईला वाटलं, पाककृतीतल्या मसाल्याचं विचारतेय. "माशाच्या कढयेत ना? पाच-सा पुरे," ती म्हणाली.

सुमनकाकी इतकी हसली, की डबा कलंडून तांदूळ पडवीभर झाले. मागची बाई म्हणाली, "खरा आसा हां तुझा. डोळे बघल्याशिवाय घेवचेच नाय." तिसरीनं तर आईला हात जोडले. "माझ्या मनातला बोललंस गो बाय!"

"ह्यांका काय झालाहा?" आईनं मला विचारलं. मला काय माहीत!

तेवढ्यात दळण संपलं आणि बाबांनी पट्टा सैल झाला म्हणून गिरण थांबवली. आणि रस्त्याच्या वळणावरून आवाज आला: "माता-भगिनींनो!"

माझी मान आपोआप ताठ झाली. "ऐका ऐका," मी बायकांना म्हटलं, "माझो आवाज!"

सगळ्या जणी ऐकू लागल्या. जरा जास्तच मन लावून. 'टोप घेऊन बाहेर या' झालं. थोडी मोकळी जागा गेली. आणि कर्ण्यातून, खालच्या वाडीपर्यंत जाईल असा, एक बायकी आवाज आला:

"झाला गो तुझा बोंबलणा?"

"झाला," कर्ण्यातून मीच म्हणाले.

"बाबल्या इलो तर माका बोलव नको. सोमवारचे बांगडे बुधवारी माझ्या गळ्यात मारल्यान! डोळे बघलंस त्येंचे? धा दिवस तापान पडल्यासारे!"

आई कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होती. माणसाला स्वतःचा आवाज ओळखता येत नाही म्हणतात, ते अगदी खरं आहे.

"कोण गो ही?" ती म्हणाली. "काय तोंड बायलेचा! पण बोलता ता बरोबर हां."

कर्णा पुढे बोलू लागला. आता बाबांचा आवाज आला: "कढी बरी झालेली पण."

आई गर्रकन बाबांकडे वळली. "हो तुमचो आवाज! तुमी खंयच्या बायलेकडे कढी खाल्लास?"

बाबांच्या हातातून पट्टा सुटला. कर्ण्यातली बाई म्हणाली, "बरी होयत नाय तर काय! मूठभर तिरफळां घातलंय वास मरूक. तुमी तिरफळां खाल्लास, बांगडो नाय!"

तिरफळांचं नाव ऐकलं आणि आईच्या चेहऱ्यावरचा राग पायरी पायरीनं उतरत गेला. तिनं सुमनकाकीकडे पाहिलं. मग तांदळाच्या पिंपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वैशू," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच हळू!

कर्णा मात्र थांबत नव्हता. बाबा: "अगो, भाव मां तुझो तो." आई: "भाव म्हणान गप रवलंय! दुसरो असतो तर टोपासकट त्याच्या डोक्यार ओतलं असतंय!" आणि मग, माझ्या सगळ्या पापांचा कळस म्हणून, मी: "आये, उद्या पैसे देतलो मामा. तवसर गोड बोल. एकदा पैसे दिले काय मगे तुका काय बोलूचा ता बोल!"

आणि पुन्हा दिमाखात: "माता-भगिनींनो!"

हे सकाळी सहापासून चालू होतं. तीन गावांतून!

मामाला कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. तो पुढे बसायचा, कर्णा मागे तोंड करून, खाली इंजीन फटफटत असलेलं, आणि धुळीसाठी मामाच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे. सुरुवात त्यानं आदल्या दिवशी ऐकली होती, पुढचं ऐकायची त्याला गरज वाटली नव्हती. आता टेम्पो आमच्या अंगणाकडे वळला आणि मामा आतून हात हलवू लागला. चेहऱ्यावर हे एवढं हसू.

"बाबा, गिरण!" मी ओरडले. "गिरण चालू करा!"

बाबांना लगेच समजलं. (हे त्यांच्या बाबतीत एरवी होत नसे.) त्यांनी पट्टा चढवून गिरण सुरू केली. आत दाणा नाही, काही नाही, दगडावर दगड घासून असा काही घरघराट झाला की मांगराच्या छपरावरची माकडं पळाली. पण कर्णा बुडाला! मामा खाली उतरला, कानातले बोळे काढले, खिशातून पाचशेची नोट काढली आणि ओठ हलवू लागला. मी मान डोलावत नोट घ्यायला हात पुढे केला. आई मागे पुतळ्यासारखी उभी. दळण घेऊन झालेल्या बायकांपैकी एकही घरी जायला तयार नाही.

"ताये!" मामा गिरणीवर आवाज चढवायचा प्रयत्न करत होता. "आज काय सांगू! लोक हसत हसत भायर येतत! घेणा कोण नाय, पण हसतत किती!"

"हां! हां!" आम्ही तिघंही ओरडलो.

"काय?"

"हां!"

"रव, इंजीन बंद करतंय," असं खुणेनं सांगून मामानं टेम्पोचं इंजीन बंद केलं. त्याच क्षणी लाईट गेली.

गिरणीनं एक लांब सुस्कारा टाकला आणि ती थांबली. अंगणात शांतता पसरली. ब्याटरीवर चालणारा कर्णा तेवढा खणखणीत म्हणाला, "सोमवारचे बांगडे बुधवारी माझ्या गळ्यात मारल्यान!"

मामानं सगळं ऐकलं. डोळे, तिरफळं, टोप, सगळं. त्याचं हसू हळूहळू कुठे गेलं ते कळलंच नाही. शेवटी माझं ते वाक्य आलं. 'एकदा पैसे दिले काय मगे तुका काय बोलूचा ता बोल.' मामानं हात लांब करून कर्णा बंद केला, माझ्याजवळ आला आणि पाचशेची नोट माझ्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली.

"घे बाय," तो म्हणाला. "पैसे दिलंय. आता काय बोलूचा ता बोल."

  ती नोट हातात जड झाली होती. कंप्युटरसाठी चार हजार पुरे झाले होते आणि मला तो अंगणातल्या अंगणात कुणाला तरी देऊन टाकावासा वाटत होता.

मामा आईकडे वळला. "ताये, एक सांगतंय. ते बांगडे सोमवारचे नाय हुते."

आईचा चेहरा पडला. "मगे?"

"रविवारचे."

कुणीतरी खोकलं. बहुतेक बाबा.

"सोमवारी-मंगळवारी बोटी जावकच नाय, वारो होतो," मामा त्या हवा गेलेल्या आवाजात सांगू लागला. "तुझ्याकडे पाव्हणे येवचे हुते. तू म्हटलंस, बांगडे होयेच. माझ्याकडे बर्फातले तेवढेच हुते. तुका 'नाय' म्हणूक माझ्या जीवार इला. पैसे घेतलंय काय मी तुझ्याकडसून?"

घेतले नव्हते. आई ते सांगायला विसरली होती.

"मेल्या!" आई ओरडली, आणि तिचे डोळे भरले. "नाय आसत म्हणान सांगूचा नाय? मी काय तुका खावतलंय?"

"टोप ओततलंस," मामा म्हणाला.

त्यावर मात्र सुमनकाकीला राहवलं नाही. ती हसली, मग आई हसली, मग डोळे पुसत मामाही हसला. पण हसता हसता तो टेम्पोच्या फळीवर बसला आणि म्हणाला, "आता तीन गावांत माझो बांगडो कोण घेतलो गो? पंधरा दिसात पाऊस लागतलो, बोटी वर ओढतले. मगे दोन-अडीच म्हयने घरात बसूचा आसा. ह्ये पंधरा दिस माका होये हुते."

आईनं पदर खोचला. 

"परवा आयतवार मां?" ती म्हणाली. "मी येतंय टेम्पोत. वैशू पण येतली. काय बिघडवलंहा ता मीच नीट करतंय."

मी नोट मामाच्या तराजूखाली सरकवून ठेवली आणि आत पळाले. तराजूखाली ठेवलेली नोट ओली होऊन चिकटते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन दिवसांनी ती परत माझ्याकडे आली तेव्हा तिला दोन खवले होते.

रविवारी आम्ही निघालो. आई पुढे मामाशेजारी, मांडीवर माईक, अंगावर लग्नाकार्यातलं लुगडं. मी मागे बर्फाच्या पेटीवर. पहिल्या गावात चावडीजवळ टेम्पो थांबला. मी रीतसर 'माता-भगिनींनो' सुरू केलं. कुणी दार उघडलं नाही. मग आईनं माईक हातात घेतला.

"मी ती तिरफळाची बाय!" ती म्हणाली.

पटापट दारं उघडली. बायका आल्या, पुरुष आले, एक आजोबा काठी टेकत फक्त तोंड बघायला आले. आईनं पेटीचं झाकण काढलं, एक बांगडा उचलला, त्याचे कल्ले फाकवले आणि सगळ्यांना दाखवले. "बघा! लाल भडक. हो आजचो. डोळे बघा कसे, तुमच्याकडे बघतत! घेवा!" माणसं घेऊ लागली. मामाचा चेहरा फुलला. आई रंगात आली. तिनं दुसरी पेटी उघडली.

"ही सुरमई कालची," तिनं जाहीर केलं. "पुऱ्या पैशांन घेव नकात."

"ताये!" मामा दबक्या आवाजात ओरडला. "माईक बंद कर!"

"बंदच आसा!" आई म्हणाली.

आणि तो खरंच बंद होता. पहिल्यापासून बंदच होता.

"अर्ध्या किमतीत देता तो," आई पुढे सांगत होती. (मामा काही बोलला नव्हता.) "आजच तळा. उद्यार ठेवलास तर माझा नाव सांगू नकात."

मी डोळे मिटून घेतले. संपलं, असं वाटलं. पण सुरमई बांगड्याच्या आधी संपली! जी बाई वाईटाला वाईट म्हणते, तिनं बऱ्याला बरं म्हटलं तर लोक डोळे मिटून घेतात, असं काहीतरी झालं असावं. तिसऱ्या गावात तर आमच्याकडे विकायला काही उरलंच नाही. तिथल्या लोकांनी आईला थांबवून घेतलं आणि आपापल्या घरातले, दुसरीकडून घेतलेले मासे आणून दाखवले. आईनं त्यांनाही निकाल सांगितले. एका घरात त्यावरून भांडण लागलं, पण तोवर आम्ही निघालो होतो.

परतीच्या वाटेवर मामा गाणं म्हणत होता. निदान ओठ तरी हलत होते.

पुढचे पंधरा दिवस आई सकाळी मासे तपासायची आणि निकाल फोनवर रेकॉर्ड करून द्यायची. तिची फी म्हणजे रोजचा एक मासा, तिनं स्वतः निवडलेला. माझी ती खवलेवाली नोट मामानं मला परत दिली. मी नको नको म्हटलं, त्यानं घेच म्हटलं, आणि हे एवढ्या मोठ्यानं चाललं होतं की लोकांना पुन्हा भांडण वाटलं. बाबांनी शब्द पाळला. जुन्या पट्ट्यालाच टाके घातले आणि चार हजार मोजून दिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बहुतेक कौतुकच असावं, पण पिठामुळे नीट दिसलं नाही.

कंप्युटर कणकवलीहून मामाच्याच टेम्पोतून आला. त्यामुळे पहिले आठ दिवस शेजारचं मांजर त्याच्यासमोरून हललं नाही. पडद्याचा उजेड पडला की ते जिभल्या चाटायचं. पिठाच्या धुळीसाठी आईनं त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवलं, आणि घरात कुणीही यावं, चपला घालून यावं, कुठलंही बटण दाबावं, अशी मी मोकळीक ठेवली. सगळी बटणं मी स्वतः तीन-तीनदा दाबून बघितली. रात्री जेवायला उठवावं लागे. इतकी खूश मी पुन्हा फार क्वचित झाले असेन.

आठवड्यात मी बरंच काही शिकले आणि ते जो येईल त्याला सांगत सुटले. बोटी वर ओढायला चार दिवस राहिले होते, तेव्हा एका दुपारी मामा कार्ड घेऊन आला. त्या कार्डावर त्या दिवसाची जाहिरात होती. सुरुवातीला रीतसर माझी घोषणा, मग आईचा निकाल.

"वैशू," त्यानं विचारलं, "ह्याच्यात आवाज कापूक येता म्हणतत?"

"येता तर!" मी छाती फुगवून म्हणाले. "कापूक येता, जोडूक येता. काय कापूचा आसा?"

मामानं मागे वळून आई जवळपास नाही ना ते बघितलं. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तायेचा सगळा रवांदे," तो म्हणाला. "फक्त सुरवातीक तू जा 'माता-भगिनींनो, माता-भगिनींनो' करून बोंबलतंस मां, तेवढा काढून टाक. लोक दारात उभे रवान ता संपूची वाट बघतत."

मी ते कापलं. माझ्या कमाईच्या कंप्युटरवर मी केलेलं ते पहिलं कामाचं काम. इतकं सफाईनं कापलं, की कुठे सांधासुद्धा कळेना. मामानं दोनदा ऐकलं, खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली आणि आत बघून आईला म्हणाला,

"ताये, चेडवाक कला आसा हां! इतके दिवस उगीच बोलूच्या नादाक लागलेला!"